फायरवाल्याची फाइल कशी तपासायची

सोसायटीचा फायर यंत्रणेचा देखभाल करार नवा करायची वेळ आली की कंत्राटदाराचा माणूस जाडजूड फाइल घेऊन येतो. सगळ्यात वर सोनेरी कडेचं आयएसओ प्रमाणपत्र, खाली झेरॉक्सचा गठ्ठा. कमिटी चार पानं उलटते, दरावर घासाघीस करते आणि सही करून मोकळी होते. मी गोव्यात वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात सेफ्टी विभागात नोकरी केली आणि आता पर्वरीत आमच्या सात मजली इमारतीची सेक्रेटरी आहे, म्हणून ओळखीच्या सोसायट्यांचे फोन येतात. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून २५ माणसं गेली, तेव्हापासून तर जास्तच. सगळे हेच विचारतात, की या माणसाला काम येतं हे आम्ही ओळखायचं कसं? ते ओळखता येतं. त्यासाठी इंजिनियर असावं लागत नाही, थोडं चिवट असावं लागतं.

फाइलमधल्या प्रत्येक कागदाला आधी विचारा, तू कोणाचा दाखला आहेस? वस्तूचा, कंपनीचा की माणसाचा? आयएसओ ९००१ हा कंपनीच्या कारभाराचा दाखला. ऑर्डरी, नोंदी, तक्रारी नीट सांभाळतात एवढंच त्यातून कळतं. तुमच्या जिन्यातला सिलिंडर आग विझवेल की नाही, ते त्यात नाही. अग्निशामक दलाचा ना हरकत दाखला इमारतीचा. तो आहे म्हणून कंत्राटदार हुशार ठरत नाही. मग कागदावरची मुदत बघा, पत्ता बघा, आणि 'स्कोप', म्हणजे दाखला कुठल्या कामापुरता आहे, ते सांगणारी जी ओळ असते ती शब्द न् शब्द वाचा. अलार्म बसवण्याच्या दाखल्यावर स्प्रिंकलरचं काम घेणारे आहेत.

महाराष्ट्रातल्या कंपन्या 'लायसन्स्ड एजन्सी'चा परवाना पुढे करतात. तो महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखालचा असतो. तिथे अशा एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैत 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. पद्धत चांगली आहे, अनुभवाचा पुरावा म्हणून तो परवाना जरूर बघा. पण महाराष्ट्र-गोवा सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडल्यावर तो कायदा लागू नाही. गोव्यात विचारायचं ते पणजीतल्या सांतिनेजच्या अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालयाला, नाहीतर आपल्या भागातल्या अग्निशामक केंद्रावर. लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

आता वस्तू. सुरुवात जिन्यातल्या लाल सिलिंडरपासून करा, कारण तो तुम्ही स्वतः, आजच, मोबाइल हातात धरून तपासू शकता. लेबलवर आयएसआय मार्क शोधा. त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो. हाती उचलायच्या अग्निशामकाला आयएस १५६८३. खाली 'सीएम/एल' आणि पुढे आकडे, तो परवाना क्रमांक. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये हा क्रमांक घाला. उत्पादकाचं नाव, पत्ता, मानक आणि परवाना चालू आहे की संपलाय, हे सगळं समोर येतं. लेबलवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलंच पाहिजे. क्रमांक दुसऱ्याच कंपनीचा निघाला, किंवा मार्क आहे आणि क्रमांकच नाही, तर तो सिलिंडर परत करा. हाच खरा त्रयस्थ दाखला: विकणारा वेगळा, तपासणारा वेगळा, आणि तपासणाऱ्याची नोंद कोणालाही उघडून बघता येते. दाखल्याची झेरॉक्स विकणाऱ्याकडून घेऊन समाधान मानायचं नाही. दाखला ज्यानं दिला त्याच्याच यादीत तो शोधायचा. यूएल किंवा एफएम या परदेशी तपासणी संस्थांचा मार्क दाखवला तरी हेच करा, त्यांच्याही याद्या ऑनलाइन आहेत.

तिथेच उभं राहून सिलिंडर उचलून त्याचं बूड बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंज बुडापासून धरतो आणि समोरून रंग चकचकीत दिसत राहतो. मग प्रेशर टेस्टची तारीख शोधा. आयएस २१९० या देखभालीच्या मानकाप्रमाणे पावडरच्या सिलिंडरला दर तीन वर्षांनी हायड्रॉलिक टेस्ट लागते. 'रिफिल केलं' असा नवा स्टिकर म्हणजे ती टेस्ट नव्हे.

फायर डोअरचं, म्हणजे आग अडवून धरणाऱ्या दाराचं, प्रकरण अवघड असतं. दारावर पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर १२० मिनिटं असं काहीतरी कोरलेलं. पण भट्टीत चाचणी होते ती अख्ख्या जोडणीची: फळी, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, दार आपोआप लावणारा क्लोजर, काच असली तर काच, आणि कडेची ती पट्टी जी तापली की फुगते आणि फट बुजवते. म्हणून चाचणीचा पूर्ण अहवाल मागा, पहिलं पान चालणार नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का आणि ती याच चाचणीसाठी आहे का, ते बघा. मग अहवाल हातात घेऊन दारासमोर उभं राहा आणि एकेक भाग जुळवा. एका सोसायटीत अहवाल उत्तम होता, दारही तेच होतं. पण इंटरनेटवाल्यानं वरच्या कोपऱ्यात केबलसाठी अंगठा जाईल एवढं भोक पाडलं होतं आणि क्लोजर कोणीतरी काढून ठेवला होता. अशा दाराच्या पट्टीवरच्या १२० मिनिटांना काही अर्थ नाही. धूर त्या भोकातून पहिल्या मिनिटाला जिन्यात येतो, आणि जिना हीच तर माणसांची वाट.

राहिला माणूस. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. फाइलमध्ये नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम. ते केंद्रीय गृह मंत्रालयाचं कॉलेज आहे, १९५६ पासूनचं. पण नावात 'नॅशनल' आणि पत्त्यात 'नागपूर' असलं म्हणजे हेच कॉलेज असं नाही, तेव्हा नाव नीट वाचा. आणि पुढचा प्रश्न महत्त्वाचा: या प्रमाणपत्रावरचा माणूस आमच्याकडे येणार का? बहुतेक वेळा प्रमाणपत्र साहेबांचं असतं आणि पाना-पक्कड घेऊन येतो तो गेल्या महिन्यात लागलेला मुलगा. त्या मुलाचा राग नाही, त्याला कोणी शिकवलेलं नसतं. पण आपला जीव त्याच्या हातात आहे.

म्हणून करार करण्याआधी त्यालाच बोलवा आणि काम करून दाखवायला सांगा. मीटर रूमजवळचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसचा) सिलिंडर दाखवून विचारा, हा भरलेला आहे हे कसं ओळखायचं? जाणकार सरळ वजनकाटा मागतो. सीओटूला गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, नसतो. अंगावर कोरलेल्या वजनाशी ताडून बघतात, आणि गॅस दहा टक्क्यांहून जास्त घटला असेल तर भरायला पाठवतात. जो गेज शोधत बसेल, त्याचा अंदाज तुम्हाला आलाच. स्मोक डिटेक्टरखाली अगरबत्ती धरणारेही पुष्कळ. नीट शिकलेला माणूस डिटेक्टरसाठीचा टेस्ट स्प्रे आणतो, आणि एक डिटेक्टर काढून अलार्मच्या पॅनेलवर फॉल्ट दिसतो का तेही दाखवतो.

शेवटी पंप. गच्चीवरचा हायड्रंट (आगीच्या पाण्याचा नळ) थोडा उघडायला सांगा. दाब उतरला की आधी जॉकी पंप, म्हणजे पाइपातला दाब राखणारा छोटा पंप, आपोआप सुरू व्हायला हवा. आणखी उघडला की मुख्य पंप. मुख्य पंप हातानेच बंद करायचा असतो. तो आपोआप बंद होत असेल तर जोडणी चुकली आहे, आणि 'बरोबर आहे' म्हणणाऱ्या माणसाला ते माहीत नाही. डिझेल पंप असेल तर विजेचा पुरवठा तोडून तोही चालवायला लावा. पंपाच्या पॅनेलचा स्विच 'ऑटो'वर आहे ना, हे जाता जाता बघा. कित्येक इमारतींत तो 'मॅन्युअल'वर पडून असतो.

ब्रिटनमध्ये जून २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. इमारतीला लावलेल्या सामानाच्या उत्पादकांनी चाचण्यांची माहिती फिरवली होती आणि दाखले देणाऱ्या संस्थांनीही आपलं काम नीट केलं नव्हतं, असं त्यात आहे. आगीच्या धोक्याचं मूल्यमापन करणाऱ्यांना सक्तीची मान्यता हवी, अशी शिफारसही आहे. मी हे सांगते कारण आपल्या कमिटीत कोणीतरी म्हणतंच, 'अहो, सर्टिफिकेट आहे ना!' तिथेही होती.

म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्या. येणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव. तो बदलला तर नव्याची प्रात्यक्षिक परीक्षा. प्रत्येक भेटीच्या अहवालावर काम करणाऱ्याची सही, आणि आकडे: गेजवरचा दाब, सिलिंडरचं वजन, पंप सुरू झाला तो दाब. नुसतं 'ओके' चालणार नाही. याशिवाय वर्षातून एकदा दुसऱ्याच कोणाकडून तपासणी, ज्याला तुमच्याकडे काही विकायचं नाही. त्याचे पैसे सोसायटीने वेगळे द्यायचे, आणि त्याचा अहवाल येईपर्यंत देखभालवाल्याचा शेवटचा हप्ता थांबवायचा. पेपर लिहिणाऱ्यानेच तो तपासू नये. ही तपासणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात ठेवा. चार महिन्यांच्या दमटपणाने काय गंजलं, कुठल्या होजला बुरशी आली, कुठलं दार फुगून लागेनासं झालं, ते तेव्हाच दिसतं.