परदेशातून पार्सल येतंय आणि अडकलंय? हे करून बघा

आमच्या बडोद्यात दांडिया बाजारात निम्म्या घरांतली पोरं बाहेर, त्यामुळे हा घोळ घरोघरी. आधी पोराकडून ट्रॅकिंग नंबर मागून घ्या, फोटोच मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करताना एक आकडा चुकतोच! पोस्टाने पाठवलं असेल तर नंबर 13 कॅरेक्टरचा असतो, आधी दोन अक्षरं मग 9 आकडे आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाचा कोड, जर्मनी असेल तर डीई. ई ने सुरू असेल तर ईएमएस, म्हणजे पोस्टाची जलद सेवा, आर म्हणजे रजिस्टर्ड, सी म्हणजे पार्सल, आणि यू असेल तर बहुतेक ट्रॅकिंग नसतंच, उगाच रोज बघत बसू नका.

भारतात पोचेपर्यंत तिकडच्या पोस्टाची साइट बघायची, मग इंडिया पोस्टची, नंबर तोच चालतो. मधे बरेच दिवस काहीच अपडेट नसतं, विमानात असताना स्कॅन कोण करणार.

कस्टम्सला अडकलं तर केवायसी नाहीतर बिल मागू शकतात. पोराला पार्सलवरच्या कस्टम्स फॉर्मवर नुसतं 'गिफ्ट' लिहू नको म्हणावं, वस्तू आणि किंमत नीट लिही, आमचं एकदा तिथेच अडकलं होतं.

तरीही पत्ता नाही? पाठवणाऱ्यालाच तिकडच्या पोस्टात चौकशी टाकायला सांगा, पाठवल्यापासून सहसा 6 महिन्यांच्या आत, आणि पावती फेकू नको म्हणावं.