मतमोजणीचे टेबल ते बहुमत चाचणी : प्रतिनिधीने आणि कार्यकर्त्याने काय तपासायचे

विधानसभेच्या निकालाच्या दिवशी दोन प्रकारची माणसे असतात. एक टीव्हीसमोर बसून आघाडी-पिछाडी बघणारी, आणि दुसरी जाळीपलीकडच्या टेबलाकडे डोळे लावून कागदावर आकडे उतरवणारी. हे लिखाण दुसऱ्यांसाठी आहे. पहिल्यांनाही वाचायला हरकत नाही, निकाल कसा वाचायचा ते त्यातून कळेल.

आधीची तयारी

मतमोजणी प्रतिनिधीची नेमणूक नमुना १८ मध्ये होते. दोन प्रती, फोटो, उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही. हा कागद मोजणीच्या तारखेच्या तीन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे आरओकडे पोचला पाहिजे. मतदान आणि मोजणी यांत दोन-तीनच दिवस असले की ही मुदत मतदानाच्या धावपळीतच येऊन पडते आणि हमखास चुकते. फॉर्म आधीच भरून ठेवा.

सरकारी नोकराला प्रतिनिधी करू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४-अ खाली त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. विद्यमान मंत्री, खासदार, आमदारही चालत नाहीत. निवड करताना घोषणा कोण जोरात देतो हे बघू नका. बेरीज न चुकणारा, चष्मा सोबत आणणारा आणि आठ तास एका जागी बसू शकणारा माणूस हवा.

एका मतदारसंघाला सहसा १४ टेबले असतात, शिवाय आरओचे टेबल वेगळे. प्रत्येक टेबलाला एक माणूस धरा, आणि आरओच्या टेबलावर सगळ्यांत शांत डोक्याचा. टपाली मते तिथेच मोजली जातात आणि खरे वाद तिथेच होतात.

मोबाइल आत नेता येत नाही. न्यायचे ते एवढेच : पेन, कोरे कागद, ओळखपत्र आणि तुमच्या टेबलावर येणाऱ्या बूथच्या १७-सीच्या प्रती. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष तुमच्या बूथ एजंटला जी मतांच्या हिशेबाची प्रत देतो तीच ही. त्या रात्री सगळ्या बूथच्या प्रती गोळा झाल्या नाहीत, तर मोजणीच्या दिवशी तुमचा प्रतिनिधी फक्त प्रेक्षक असतो. अर्ध्या पक्षांची अर्धी टेबले अशीच जातात, कारण बूथ एजंट प्रत खिशात घालून जेवायला गेलेला असतो.

कोणते गाव कुठल्या फेरीत

१४ टेबले असतील तर पहिल्या फेरीत बूथ १ ते १४, दुसरीत १५ ते २८, असे क्रमाने जाते. बूथच्या क्रमांकाला १४ ने भागा. बूथ १५७ : १४ गुणिले ११ म्हणजे १५४, बाकी ३. म्हणजे बारावी फेरी, तिसरे टेबल. बाकी शून्य आली तर चौदावे टेबल : बूथ १६८ बाराव्या फेरीत शेवटच्या टेबलावर. ३३८ बूथ असतील तर २४ फेऱ्या पूर्ण होतात आणि पंचविसाव्या फेरीत फक्त दोन यंत्रे उरतात. मध्ये एखादे ‘४५-अ’ असे सहाय्यकारी केंद्र असले की पुढचे सगळे एकाने सरकते. तक्ता करताना ते धरायला विसरू नका.

हा तक्ता बाहेर थांबलेल्यांनाही द्या. पाचव्या फेरीअखेर ९,००० ची पिछाडी दिसली की मांडवात रडारड सुरू होते. पण पुढच्या दहा फेऱ्या तुमच्या पट्ट्यातल्या असतील, तर एका फेरीत साधारण १४ गुणिले ६००, म्हणजे आठ-साडेआठ हजार मते यायची आहेत. त्यातली निम्म्याहून किती जास्त लागतील तो हिशेब करा. टीव्हीवरचा माणूस हा हिशेब करत नाही. त्याला फेरी कोणत्या तालुक्याची चालली आहे हेही ठाऊक नसते.

टपाली मते

सकाळी आठला सुरुवात टपाली मतांनी होते, अर्ध्या तासाने यंत्रे उघडायला लागतात. निवडणूक आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये ठरवले आहे, की टपाली मते पूर्ण मोजून होईपर्यंत यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही.

आधी बाहेरचे पाकीट (१३-सी) फोडतात. आत दोन गोष्टी सुट्या मिळाल्या पाहिजेत : मतदाराचे घोषणापत्र (१३-अ) आणि मतपत्रिकेचे बंद पाकीट (१३-बी). घोषणापत्र नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, किंवा त्यातला मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतले पाकीट न उघडताच मत बाद. उघडल्यावर शिक्का-खूण नसेल, दोघांना खूण असेल किंवा मतदाराची ओळख पटेल असे काही लिहिले असेल, तरीही बाद.

बाद मतांचा आकडा वेगळा लिहून ठेवा. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकालाआधी ती सगळी मते पुन्हा तपासणे आरओला बंधनकारक आहे. २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये १६२ आणि साकोलीत २०८ मतांचा फरक होता. अशा ठिकाणी हा एक आकडा हाताशी असणे आणि नसणे यात फार अंतर पडते.

टेबलावर यंत्र आल्यावर

मोजणीला फक्त कंट्रोल युनिट येते. मतदाराने बटण दाबलेले बॅलट युनिट टेबलावर येत नाही, त्यावरून घाबरू नका. पर्यवेक्षक पेटी उघडतो, यंत्र उचलून तुमच्याकडे वळवतो. या वेळी घाई करू देऊ नका. क्रम असा ठेवा.

पहिला, यंत्राचा क्रमांक १७-सीवरच्या क्रमांकाशी ताडा. दुसरा, सील. निकालाच्या कप्प्याच्या आतल्या दाराला हिरवी कागदी पट्टी लावलेली असते, ती दाराच्या फटींतून बाहेर दिसते. तिच्यावरचा छापील क्रमांक १७-सीत नोंदलेला असतो, आणि मतदानाच्या सकाळी त्या पट्टीवर तुमच्या बूथ एजंटची सहीही असायला हवी. पट्टी फाटलेली किंवा क्रमांक वेगळा असेल तर बटण दाबण्याआधीच हात वर करा, तोंडी बोलून थांबू नका, लेखी द्या. बटण दाबल्यानंतरची हरकत म्हणजे वरात गेल्यावरचे घोडे.

मग मागचा स्विच चालू होतो, पर्यवेक्षक हिरव्या पट्टीला भोक पाडून आतले ‘रिझल्ट’ बटण दाबतो. पडद्यावर आधी एकूण मते, मग उमेदवार एक, दोन, तीन असे आकडे येतात, शेवटी नोटा. आकडे भराभर सरकतात. निसटले तर बटण पुन्हा दाबायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. बॅटरी ९९ टक्के दिसली म्हणून गोंधळ घालण्यात वेळ घालवू नका. त्यातली बॅटरी पुन्हा चार्ज न होणारी असते, आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर असेपर्यंत यंत्र ९९ च दाखवते, असे आयोगाचे स्पष्टीकरण आहे.

तिसरी, आणि खरी तपासणी बेरजेची. १७-सीवर यंत्रातील एकूण मते ७४२, पडद्यावरही ७४२, आणि सगळ्या उमेदवारांची अधिक नोटाची बेरीजही ७४२. तिन्ही जुळले की सही करा.

जुळले नाही तर फरक किती ते बघा, कारण फरकच कारण सांगतो. ७४२ च्या जागी ७९२ आले, म्हणजे ५० जास्त, तर बहुतेक वेळा सकाळच्या मॉक पोलची मते पुसायची राहिलेली असतात. मतदानाआधी किमान ५० मतांची चाचणी होते, आणि नंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणे त्याच क्रमाने दाबायची असतात. क्लिअर राहिले की घोटाळा. फरक एकदोन मतांचाच असेल तर १७-सीवरचा चाचणी मतांचा रकाना बघा. ‘मी दाबले एकाला, चिठ्ठी आली दुसऱ्याची’ अशी तक्रार मतदाराने केली, तर नियम ४९-एमए खाली त्याच्याकडून चाचणी मत टाकून घेतात, ते मोजणीत वजा करायचे असते. आणि केवळ केंद्राध्यक्षाने रात्री झोपेत आकडा चुकीचा उतरवला, असेही होते.

मॉक पोल न पुसलेले यंत्र बाजूला ठेवतात. शेवटी विजयाचा फरक अशा केंद्रांच्या एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर त्यांच्यावाचूनही निकाल लागतो. कमी किंवा तेवढाच असेल तर त्या केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर छापून पेटीत पडणाऱ्या कागदी चिठ्ठ्या, मोजतात. म्हणून बाजूला ठेवलेल्या प्रत्येक यंत्राचा बूथ क्रमांक आणि तिथली एकूण मते लिहून ठेवा.

चिठ्ठ्या आणि फेरमोजणी

यंत्रांची मोजणी संपल्यावर चिठ्ठी टाकून पाच केंद्रे निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या जाळीच्या खोलीत मोजतात. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हा आकडा एकावरून पाच झाला. चिठ्ठ्यांचे २५-२५ चे गठ्ठे करतात. यंत्राचा आणि चिठ्ठ्यांचा आकडा वेगळा आला तर चिठ्ठ्यांचा धरला जातो. या वेळी थकलेले प्रतिनिधी घरी निघालेले असतात. निघू नका.

फेरमोजणीचा अर्ज नेमका कधी द्यायचा, यात सगळ्यांत जास्त चूक होते. आरओ एकूण आकडे जाहीर करतो, मग थोडा थांबतो. तोच वेळ. नमुना २० च्या अंतिम निकालपत्रावर त्याची सही झाली की नियम ६३ खाली अर्ज घेता येत नाही. अर्ज लेखी हवा आणि कारण नेमके हवे : ‘टेबल ८, फेरी ९, बूथ १२० : पडद्यावर आणि १७-सीवर फरक, हरकत नोंदवली’. नुसते ‘आम्हाला शंका आहे’ लिहिलेत तर आरओ दोन ओळींत कारण देऊन फेटाळतो, आणि ते बरोबरच असते. मते समसमान झाली तर कलम ६५ प्रमाणे चिठ्ठी टाकतात.

निकाल लागला, सरकार अजून नाही

महाराष्ट्रात २८८ जागा, बहुमत १४५. पण आमदार निवडून येणे आणि सरकार बदलणे यांत बरीच पायऱ्यांची चढण आहे. आयोग निवडून आलेल्यांची नावे अधिसूचनेने प्रसिद्ध करतो, तेव्हा नवे सभागृह अस्तित्वात येते. २०२४ मध्ये ‘२६ नोव्हेंबरच्या आत शपथ झाली नाही तर राष्ट्रपती राजवट’ असे व्हॉट्सॲपवर फिरत होते. ते चूक होते. २६ ला जुन्या सभागृहाची मुदत संपली, पण नवे आधीच अस्तित्वात आले होते. शपथविधी ५ डिसेंबरला आझाद मैदानावर झाला, तोवर मावळते मुख्यमंत्री काळजीवाहू होते.

पाठिंब्याच्या पत्राबाबत एक गोष्ट पक्की धरा : पत्र म्हणजे मत नव्हे. सह्या कशासाठी घेतल्या हे पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिलेले असले पाहिजे. २३ नोव्हेंबर २०१९ च्या फडणवीस-अजित पवारांच्या पहाटेच्या शपथविधीनंतर राष्ट्रवादीने हेच सांगितले, की आमदारांच्या सह्या दुसऱ्या कामासाठी घेतल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २६ ला आदेश दिला : दुसऱ्याच दिवशी बहुमत चाचणी, हंगामी अध्यक्षाच्या देखरेखीखाली, खुले मतदान, थेट प्रक्षेपण. चाचणीआधीच सरकारने राजीनामा दिला. २८ ला नवे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे शपथ घेऊन गेले आणि ३० ला त्यांना १६९ मते पडली.

सर्वांत मोठा पक्ष म्हणजे सरकार, असेही नाही. गोव्यात ४० जागा, बहुमत २१. २०१७ मध्ये काँग्रेसला १७, भाजपला १३, पण आधी जुळवाजुळव केली भाजपने, आणि विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ ने जिंकला.

चाचणीत १४५ लागतातच असे नाही. ठराव हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. ४ जुलै २०२२ ला महाराष्ट्रात शिंदे सरकारच्या चाचणीत १६४ विरुद्ध ९९, म्हणजे २६३ जणांनी मते दिली, त्या दिवशी १३२ पुरले असते. म्हणून विरोधी बाकांवरच्या गैरहजेरीकडे लक्ष ठेवा, तिथेच सरकार तरते. आणि चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देणे फार महाग पडते. २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले. पण तेव्हाचे मुख्यमंत्री ठाकरे यांनी आधीच राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येत नाही, असेही त्याच निकालात सांगितले.

मंत्री किती, याची मर्यादा सभागृहाच्या १५ टक्के : महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून ४३. गोव्यात १५ टक्क्यांनी सहाच झाले असते, पण राज्यघटना किमान १२ ची मुभा देते, म्हणून तिथे ४० आमदारांत १२ मंत्री.

हरलेल्याचे घड्याळ

मुंबईत मंडप उभा राहत असतो तेव्हा पडलेल्या उमेदवाराच्या मुदती चालू झालेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांची मेमरी तपासून मागता येते. ही सोय सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालाची, खर्च अर्जदाराचा, मुदत निकालापासून ७ दिवस. खर्चाचा हिशेब ३० दिवसांत, तो पडलेल्यालाही द्यावाच लागतो. उच्च न्यायालयात निवडणूक याचिका ४५ दिवसांत. २३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालासाठी या तारखा होत्या ३० नोव्हेंबर, २३ डिसेंबर आणि ७ जानेवारी. तोवर टेबलावर लिहिलेले कागद, १७-सीचा गठ्ठा आणि हरकतींच्या पोच घेतलेल्या प्रती बूथ क्रमांकानुसार लावून एकाच माणसाकडे ठेवा.