वाडीवर काम करायचंय? डोंगरपायथ्याच्या कोकणातले छोटे शिक्षण आणि पाणी प्रकल्प

कोकणात नव्याने काम करायला येणारा माणूस गावाचं नाव घेऊन येतो. काम मात्र वाडीवर करावं लागतं. महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, वैभववाडी या तालुक्यांच्या पूर्व भागात एका महसुली गावाच्या आठ-दहा वाड्या सहज असतात. मधल्या वाडीत शाळा, ग्रामपंचायत आणि एसटीचा थांबा असतो. सह्याद्रीच्या उताराला चिकटलेला धनगरवाडा किंवा रायगडातली कातकरी आदिवासींची वाडी तिथून पाखाडीने (दगडी पायवाटेने) तास-दीड तासावर. देणगीदाराचा पैसा ‘गावाला’ येतो आणि मधल्या वाडीत जिरतो. म्हणून पहिला कागद वाड्यांच्या यादीचा करावा. प्रत्येक वाडीतली घरं, शाळेत जाणारी मुलं, पाणी कुठून येतं, मे महिन्यात कुठून येतं आणि पावसाळ्यात कोणता पऱ्या (ओढा) वाट अडवतो, एवढं त्यात असलं की पुरे.

सरपंच आणि मुख्याध्यापकांना सगळेच भेटतात. कोकणात त्यांच्याइतकीच महत्त्वाची आहेत वाडीची गावकी, म्हणजे वाडीकरांची पारंपरिक सभा, आणि त्या वाडीच्या मुंबईला गेलेल्या लोकांचं मंडळ. अनेक वाड्यांचे सामूहिक निर्णय चाकरमानी आल्याशिवाय होत नाहीत. त्यामुळे जागा, वर्गणी किंवा श्रमदान अशा विषयांची बैठक गणपतीत किंवा शिमग्यात ठेवावी. फेब्रुवारीत होकार मिळालेलं काम मंडळाने मे महिन्यात थांबवल्याची उदाहरणं भरपूर सापडतात, आणि त्यात मंडळाचा दोष क्वचितच असतो. त्यांना विचारलेलंच नसतं. बायकांशी मात्र वेगळं बसून बोलायला हवं. रात्रीच्या गावकीच्या बैठकीत त्या पडवीत मागे बसतात आणि बोलत नाहीत. हंडा कुठून आणावा लागतो आणि झऱ्यावर किती वेळ थांबावं लागतं हे नेमकं त्यांनाच माहीत असतं. बचत गटाच्या बैठकीला गेलं की ते अर्ध्या तासात कळतं.

वर्षाचा हिशेब जूनपासून मांडावा. जूनमध्ये शाळा उघडते आणि पेरणी होते, जुलैत लावणी. या दिवसांत वाडीवर कोणी मोकळं नसतं आणि बांधकामाचं सामान वर चढत नाही. ऑक्टोबरात कापणी-झोडणी. बांधकामाला खरी मोकळीक डिसेंबर ते एप्रिल एवढीच, आणि त्यातही आंबा-काजूच्या दिवसांत मजूर मिळणं कठीण होतं. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं म्हणून देणगीदार फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे देतो. मग घाईघाईने एप्रिलमध्ये खोदाई होते, मेअखेर अर्धवट भिंत उभी राहते आणि पहिल्या पावसात तिचा पाया उघडा पडतो. देणगीदाराशी बोलणी गणपतीपूर्वीच संपवावीत आणि पहिला हप्ता दिवाळीपर्यंत मागावा.

आता पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिलमध्ये टँकर का लागतो, हा नव्या माणसाचा पहिला प्रश्न असतो. इथला जांभा दगड सच्छिद्र आहे. पाऊस त्यातून झरझर खाली जातो, खालच्या चिकणमातीच्या थराला अडतो आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडतो. बाकीचं पाणी तीव्र उतारावरून काही तासांत खाडीला मिळतं. वरच्या वाडीसाठी म्हणूनच सर्वांत भरवशाचा छोटा प्रकल्प म्हणजे वर असलेला झरा बांधून नळाने उतारावर आणणं. पंप नाही, वीजबिल नाही.

झरा मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोजावा. नोव्हेंबरात मोजलेला झरा फसवतो. १५ लिटरची बादली तीन मिनिटांत भरली तर मिनिटाला ५ लिटर, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. जलजीवन मिशन या सरकारी नळपाणी योजनेचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. त्या हिशेबाने हा झरा १३० माणसांना पुरतो, गुरं धरली तर कमी. रात्रीच्या दहा तासांत येणारं ३,००० लिटर पाणी साठवायला टाकी नसेल तर ते वाहून जातं आणि सकाळी नळावर भांडण होतं. २५ घरांच्या वाडीला ५,००० लिटरची टाकी पुरते.

उतार चांगला असेल तर एवढ्या प्रवाहाला किलोमीटरभर ३२ मिलिमीटरचा एचडीपीई (काळा प्लॅस्टिकचा) पाइप चालतो. दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब धरावा. ६ किलो दाबाचा पाइप ६० मीटर उताराला ठीक, त्याहून जास्त उतार असेल तर मध्ये दाब तोडणारी छोटी टाकी लागते. ती न बांधल्यामुळे खालचे जोड सुटतात, आणि दोष पाइपच्या कंपनीला दिला जातो. पाइप कुठे चढून पुन्हा उतरत असेल तर त्या उंचवट्यावर हवा अडते. तिथे एअर व्हॉल्व्ह बसवला नाही तर झऱ्याला पाणी असूनही नळ कोरडा राहतो.

सर्वांत जास्त लाइन तोडतो तो वणवा. फेब्रुवारी ते मेमध्ये गवत पेटतं आणि उघड्यावर टाकलेला काळा पाइप शेकडो मीटर वितळून जातो. माती आहे तिथे तो दोन-तीन फूट खोल गाडावा. कातळावर गाडता येत नाही, तेवढ्या टप्प्यात जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप घ्यावा, महाग पडला तरी. पाइपच्या दोन्ही बाजूंचं गवत जानेवारीतच कापून घ्यावं. झऱ्याच्या तोंडाशी पेटी बांधताना झरा दाबू नये, पाणी वर चढवायला गेलं की ते दुसरी वाट शोधतं. पेटीला झाकण, जाळी, ओव्हरफ्लो आणि गाळ काढायला तळाशी नळ हवा. लाइन पाहणारा माणूस वाडीतला असावा. घरटी महिना ५० रुपये धरले तर २५ घरांचे १,२५० रुपये होतात. त्यात त्याचं मानधन आणि जोड-वॉशर भागतात. ही वर्गणी पाणी सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यापासून गोळा करावी. पाणी आल्यावर ती सुरू होत नाही, हे गृहीत धरा.

वनराई बंधारा, म्हणजे ओढ्यावर पोत्यांनी घातलेला तात्पुरता बांध, स्वस्त आहे, म्हणून नवे गट तिकडे वळतात. सहा मीटर रुंद वहाळावर (ओढ्यावर) एक मीटर उंचीसाठी सिमेंटची दीडशे ते दोनशे रिकामी पोती लागतात. माती-वाळू भरून तोंड शिवायचं, विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे, मध्ये चिकणमाती ठासायची. तळाला कातळ असेल अशीच जागा निवडावी, कारण तळात फुटका जांभा असेल तर पाणी आठ दिवसांत खालून निघून जातं. कापणी संपता संपता, वहाळ वाहता असतानाच बांधावा. डिसेंबरअखेर बांधलेल्या बंधाऱ्यात अडवायला पाणीच उरत नाही. आणि मे महिन्यात पोती काढून घ्यावीत, नाहीतर प्लॅस्टिकचे धागे सगळे खालच्या शेतात जातात.

उतारावर कोणतंही खोदकाम करण्याआधी वरची बाजू चालून यावी. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी दरडीखाली गेली. जमिनीला नव्या भेगा, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा यातलं काहीही दिसलं तर बांधकाम थांबवून तहसील कार्यालयाला लेखी कळवावं.

शाळेच्या कामाची सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून होते. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीचा ठराव न घेता दिलेली वस्तू शाळेच्या साठा नोंदवहीत चढत नाही, आणि मुख्याध्यापकांची बदली झाली की ती कपाटात बंद होते. काय द्यावं? आमचं मत स्पष्ट आहे: आधी छप्पर, मग पाणी, मग पुस्तकं आणि सगळ्यात शेवटी डिजिटल पडदे आणि टॅब. पत्र्याच्या छपराखाली जुलैत बाईंचा आवाज दुसऱ्या रांगेतही पोचत नाही. पत्र्याखाली साधं सीलिंग टाकलं तरी वर्गात शिकवणं शक्य होतं. कौलं असतील तर वानरं ती फोडतात, म्हणून शंभरेक जादा कौलं शाळेत ठेवून द्यावीत. पुस्तकांना पावसात बुरशी धरते. त्यांना लाकडी फळीपेक्षा लोखंडी कपाट बरं, भिंतीपासून चार बोटं सुटं आणि जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाची उघडीप मिळेल तेव्हा उघडून ठेवलेलं. टॅब, संगणक द्यायचेच असतील तर अर्थिंग तपासून घ्या. जांभ्यात ते नीट लागत नाही आणि वळवाच्या विजेत पहिल्याच वर्षी उपकरणं जळतात.

शाळेच्या छपरावरचं पाणी साठवायला १०,००० लिटरची टाकी पुरते. तीस मुलांना माणशी तीन लिटर धरले तर रोजचे ९० लिटर, म्हणजे शंभराहून जास्त दिवस. जूनचा पहिला पाऊस वाहू द्यावा आणि टाकी सप्टेंबरात भरून बंद करावी. आत उजेड गेला तर शेवाळ धरतं.

पैसा जवळजवळ न लागणारा आणि तरीही मुलाचं आयुष्य बदलणारा प्रकल्प म्हणजे कागदपत्रं. आठवीतली एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. मुलं परीक्षेत कमी पडतात त्यापेक्षा जास्त अडतात ती उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारशी न जोडलेल्या बँक खात्यामुळे. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचं नाव जुन्या शाळेच्या रजिस्टरात सापडलं तर काम सोपं. कातकरी आणि धनगरवाड्यांवर आजोबा शाळेत गेलेलेच नसतात. तिथे जन्म-मृत्यू नोंदी, जुना सातबारा आणि शेवटी गृहचौकशीचा (घरी येऊन होणाऱ्या सरकारी चौकशीचा) मार्ग धरावा लागतो. हे काम सातवीतच सुरू करावं.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टी आणि कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पटावर असलेलं मूल अर्धं वर्ष वर्गात नसतं. आजी-आजोबांजवळ मुलं ठेवण्याची सोय म्हणजे वाडीतच संध्याकाळचं जेवण आणि अभ्यास, ही पक्क्या वसतिगृहापेक्षा पुष्कळदा जास्त चालते. पण ती सप्टेंबरात ठरायला हवी, कारण मुकादमाची उचल (कामाआधीची आगाऊ रक्कम) त्याच सुमारास घेतली जाते.

जागेचा प्रश्न कोकणात सगळ्यांत चिवट. सातबारावर पन्नास नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. एकाच भावाने स्टॅम्पपेपरवर दिलेली संमती पुरत नाही. सर्व हिस्सेदारांच्या सह्यांचं नोंदणीकृत बक्षीसपत्र करा, नाहीतर ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या नावावरचीच जागा घ्या. झरा वनजमिनीत असेल तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली पिण्याचं पाणी, शाळा अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी जागा ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. त्याला महिने लागतात.

स्वतःची संस्था लगेच नोंदवू नका. पहिली दोन वर्षं नोंदणीकृत संस्थेबरोबर काम करा. नोंदणीनंतर धर्मादाय कार्यालयाचे वार्षिक हिशेब, १२एबी (संस्थेला प्राप्तिकरातून सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि ३१ मेपर्यंत भरायचा फॉर्म १०बीडी (देणग्यांचं विवरण) सांभाळायला माणूस लागतो. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी सांगावं. परदेशी पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊच नये, नातेवाइकाच्या खात्यातून वळवूनही नाही.

या क्षेत्रात नोकरी करायची असेल तर एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) उपयोग होतो. पण छोट्या संस्थेत उमेदवाराला साधारणपणे तीन गोष्टी विचारतात: दुचाकी चालवता येते का, टॅली या संगणक प्रणालीत हिशेब ठेवता येतात का आणि ग्रामसभेचा ठराव मराठीत लिहिता येतो का. पगार सुरुवातीला कमीच असतो. राहणं वाडीवर की तालुक्याच्या गावी आणि पेट्रोल कोण देणार, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिस पडताळणी आणि पॉक्सोची (मुलांवरील लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या कायद्याची) माहिती आवश्यक आहे. एकट्या मोठ्या माणसाने मुलांना बंद खोलीत शिकवू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. इंटर्नशिपचे महिने निवडायला मिळाले तर मे आणि जुलै मागून घ्या. मेमध्ये कोणता झरा आटतो ते दिसतं, आणि जुलैत साकव (छोटा पूल) नसलेल्या पऱ्याच्या पलीकडून किती मुलं शाळेत येऊ शकत नाहीत ते मोजता येतं.