गणपती हिरवा दिसायला लागला तर

"ताई, आमचा गणपती हिरवा का केलात?"

लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आलेल्या काकांनी विचारलं तेव्हा मी मान वर केली. खरंच की! पडद्यावर शेंदरी गणपती शेवाळी, लाल चौकट काळी आणि पांढरा कागद आकाशी. मी काही बोलणार तोच शेजारचा प्रिंटर थांबला आणि गणपती पुन्हा शेंदरी झाला.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. पुढच्या टेबलावर 17 इंची जुना चौकोनी एलसीडी मॉनिटर, व्हीजीए केबलवर (कॉम्प्युटरचं चित्र मॉनिटरला नेणारी जुन्या पद्धतीची केबल) चालणारा. मधूनच रंग बिघडतो आणि आपण बघायला गेलो की नीट होतो, हे दुखणं फार चिडचिड करायला लावतं. माझी पहिली चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. पडदा आकाशी दिसतोय म्हणून मी कोरलमध्ये (पत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर) जाऊन लाल वाढवला आणि पन्नास पत्रिका छापल्या. सगळ्या रक्तासारख्या लाल. रंग पडद्यावर बिघडलाय की फाइलमध्ये, हे कळेपर्यंत फाइलला हात लावायचा नाही.

ते कळायला एक मिनिट लागतं. रंग बिघडलेला असतानाच प्रिंट स्क्रीनचं बटण दाबा, चित्र सेव्ह करून फोनवर पाठवा. फोनवर रंग बरोबर दिसले तर फाइल आणि सॉफ्टवेअर सुटले, दोष पुढे कुठेतरी आहे. पडदा फक्त संध्याकाळीच पिवळसर होत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये नाईट लाइट चालू आहे का बघा. आमच्या पोराने तो लावून ठेवला होता आणि मी दोन दिवस केबल हलवत बसले होते.

आता कुठला रंग गेलाय ते ओळखा. व्हीजीएमध्ये लाल, हिरवा आणि निळा तीन वेगळ्या तारांनी येतात. एक तुटला की उरलेले दोनच दिसतात. पांढरा कागद सायन म्हणजे आकाशी दिसला तर लाल गेला, मजेंटा म्हणजे गडद गुलाबी दिसला तर हिरवा, पिवळा दिसला तर निळा. छपाईवाल्यांना हे पाठ करावं लागत नाही, पडद्यावर आपल्याच शाईच्या बाटल्या दिसतात. मी कोरलमध्ये एक पान करून ठेवलंय: लाल, हिरवा, निळा असे तीन जाड पट्टे आणि खाली पांढरा. एफ9 दाबून ते पूर्ण पडद्यावर उघडायचं. जो पट्टा काळा पडेल किंवा अंधुक होईल, तो रंग आजारी.

पान उघडं ठेवून केबल हलवा, पण दोन्ही टोकं एकदम नाही. आधी कॉम्प्युटरकडचं टोक, मग मॉनिटरकडचं, मग मधली वायर हळूहळू. कुठे हात लागला की रंग उडतो तिथे थांबा. माझ्याकडे मॉनिटरकडच्या दोन स्क्रूंपैकी एकच पिळलेला होता आणि केबल टेबलाच्या कडेवरून आपल्याच वजनाने लोंबत होती. प्रिंटरचं हेड इकडून तिकडे पळालं की टेबल थरथरायचं आणि लाल सुटायचा. या तारांमधून येणारा सिग्नल जेमतेम 0.7 व्होल्टपर्यंतचा असतो, त्यामुळे पिनेवर जरासा गंज आला तरी रंगात दिसतो. आमच्याकडे पावसाळ्यात हे ठरलेलंच.

दोन्ही मशीन बंद करून प्लग काढा आणि उजेडात धरा. पाच-पाचच्या तीन ओळी असतात. टोकाच्या ओळीत एका बाजूने सलग तीन पिना लाल, हिरवा आणि निळ्याच्या. मधल्या ओळीत एक पिन नसेल तर घाबरू नका, बऱ्याच केबलींत नववी पिन मुळातच नसते. पिन वाकली असेल तर लीड घालायच्या पेन्सिलच्या टोकाची रिकामी धातूची नळी तिच्यावर चढवून अलगद सरळ करा. पकडीने ओढलीत तर मोडेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन पिना घासा, पूर्ण वाळू द्या, मग लावा आणि दोन्ही स्क्रू हातानेच पिळा.

तरी जमलं नाही तर दुसरी केबल, मग दुसरा कॉम्प्युटर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.

मॉनिटरचं स्वतःचं मेनू बटणही मोठा साक्षीदार आहे. चित्र आकाशी पण मेनूचे रंग नेहमीसारखे, तर बहुतेक वेळा दोष मॉनिटरच्या बाहेर किंवा प्लग बसतो तिथे. मेनूही आकाशी झाला तर आतलं काही. सकाळी खराब आणि अर्ध्या तासाने ठीक, किंवा कडेला थापट मारली की ठीक, असं असेल तर कारागीर 'ड्राय सोल्डर' म्हणतात, म्हणजे आतल्या सर्किटवरच्या सोल्डरच्या टाक्याला चीर गेलेली. जुना एलसीडी सुरू होताना सगळाच गुलाबीसर दिसून नंतर सुधारत असेल तर पडद्यामागून उजेड देणारी ट्यूब म्हातारी झालीय. तिथे केबल बदलून काही होणार नाही.

मागच्या खोलीत हिशेबाला ठेवलेला 15 इंची डबा मॉनिटर (जुना, काचेच्या पिक्चर ट्यूबचा) आहे, त्याचं वेगळं. त्याची केबल आतूनच जोडलेली असते आणि बहुधा मुळाशी, जिथे ती डब्यात शिरते, तिथेच तुटते. पूर्ण पडद्याऐवजी कोपऱ्यातच जांभळा-हिरवा डाग असेल तर शेजारचा स्पीकर लांब करा, त्यातल्या चुंबकाचं काम आहे. मग मेनूतलं डीगॉस (पडद्यावर बसलेलं चुंबकत्व काढणारं) एकदा दाबा, 'धम्म' आवाज येऊन चित्र थरथरेल. लगेच पुन्हा दाबू नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर जोर पुरेसा येत नाही. आणि डब्याचं मागचं झाकण काढू नका. आत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो साठून राहू शकतो. ते ज्याचं काम त्यालाच द्या, आणि नेताना "सायन होतो, थापट मारली की बरा होतो, मेनूही सायन" एवढं चिठ्ठीवर लिहून चिकटवा. दुकानात नेला की तो हमखास ठणठणीत चालतो.

माझ्या एलसीडीला केबल बदलावी लागली नाही. दुसरा स्क्रू पिळला आणि केबल टेबलाच्या पायाला सुतळीने बांधली. काकांच्या पत्रिका शेंदरीच छापल्या.