नक्की कळत नाही तेव्हा काय करायचं

सुतार म्हणतो "थई जशे" (होऊन जाईल), पण कधी ते सांगत नाही. साहेब म्हणतात, "रिपोर्ट जरा व्यवस्थित करून पाठवा." तिकीट वेटिंगवर आहे, साखरेचा आकडा काठावर आलाय आणि विश्वामित्री नदीचं पाणी चढतंय. बडोद्यातल्या कुठल्याही घरात एकाच आठवड्यात या पाचही गोष्टी असू शकतात. पाचही ठिकाणी पुरती माहिती नाही, पण इलाज मात्र वेगवेगळे आहेत. मनस्ताप वाढतो तो त्यांची अदलाबदल झाल्यामुळे. एका फोनवर मिटणारी गोष्ट आपण गप्प बसून महिनाभर ताणतो, आणि जी फक्त वेळच सांगणार आहे तिच्यासाठी दहा जणांना फोन करतो.

म्हणून आधी एकच प्रश्न विचारायचा: हे आज कोणाला तरी माहीत आहे का? असेल तर त्याला गाठा. आज कोणालाच माहीत नाही, पण पुढे कळणार असेल, तर ते कुठल्या दिवशी कळेल तो दिवस शोधा. आणि पुढेही कळणार नसेल, कारण दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, तर वाट बघण्यात अर्थ नाही; ठरवून टाका.

विचारून सुटणारं

"कधी होईल?" हा सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. समोरच्याला तुम्हाला नाराज करायचं नसतं, म्हणून तो जवळची तारीख सांगतो. त्याऐवजी काम कुठवर आलंय ते विचारा. "काम क्यां सुधी पहोंच्युं?" एवढ्या एका प्रश्नावर कपाटाचं खरं वेळापत्रक हाती येतं. प्लाय आलंय का? कापून झालंय का? सनमायका चिकटवलाय का? बिजागऱ्या कोण आणणार, तुम्ही की तो? प्लायच आलं नसेल तर "परवा" हा शब्द सोडून द्या.

त्यानंतर दोन तारखा मागा: सगळं सुरळीत झालं तर कोणती आणि अडचण आली तर कोणती. पाहुणे, वास्तुशांत, भाडेकरू यांचं गणित नेहमी दुसऱ्या तारखेवर बसवा. पैसेही तारखेला बांधू नका, टप्प्याला बांधा. सामान आल्यावर अमुक, सांगाडा उभा राहिल्यावर अमुक, आणि दारं बसून नीट लागायला लागल्यावर उरलेले. कामाच्या मध्यावर सगळे पैसे हातातून गेले की विचारण्याचा तुमचा जोरही गेला.

ऑफिसातल्या अर्धवट सूचनेचं तंत्र थोडं वेगळं. तिथे "म्हणजे नक्की काय करू?" असं विचारलं की बहुतेक वेळा तेच वाक्य पुन्हा ऐकायला मिळतं, कारण सांगणाऱ्याच्याही डोक्यात चित्र तयार नसतं. त्याला काहीतरी समोर ठेवा, म्हणजे चूक लगेच दिसते. उत्तर असं लिहा: "साहेब, मी असं समजतो: तीन पानं, फक्त गेल्या तिमाहीचे आकडे, शेवटी एक तक्ता. शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत देतो. यात काही वेगळं हवं असेल तर उद्या १२ पर्यंत सांगा, त्यानंतर मी याच पद्धतीने पुढे जातो." यात चार गोष्टी आहेत: तुमचा अर्थ, तुमची तारीख, हरकत घेण्याची वेळ आणि हरकत आली नाही तर काय होणार. चौथी बहुतेक लोक लिहीत नाहीत, आणि काम तिथेच अडकतं. मोठं काम असेल तर दहावा भाग करून दाखवा. वीस पानांच्या रिपोर्टची दोन पानं पाहून साहेबांना आपल्याला काय नको आहे ते पटकन कळतं.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) हीच गोष्ट ड्रॉइंगवर येते. माप ५० मिमी लिहिलंय, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, ते लिहिलेलं नाही. अशा वेळी अनुभवावर भागवून शंभर नग कापून बसू नका. लेखी विचारा: "टॉलरन्स दिलेला नाही, आयएसओ २७६८ या मानकाची मध्यम श्रेणी धरतो, म्हणजे ५० मिमीवर ±०.३. चालेल का?" या श्रेणीत ६ ते ३० मिमीपर्यंत ±०.२, ३० च्या वर १२० पर्यंत ±०.३ आणि १२० च्या वर ४०० पर्यंत ±०.५ धरतात. पण बेअरिंग बसणार असेल, शाफ्ट फिरणार असेल, तर ही सामान्य श्रेणी पुरत नाही. तिथे फिट (भाग किती घट्ट किंवा सैल बसावा) कोणता हवा ते विचारलंच पाहिजे. पहिला नग करून त्यावर सही घ्या, मगच बाकीचे मशीनवर चढवा. "नमुन्याप्रमाणे" एवढंच लिहिलेल्या ऑर्डरीत तर नमुन्याचं कोणतं माप महत्त्वाचं आहे हे गिऱ्हाइकाकडून खूण करून घ्या. नमुना स्वतःच झिजलेला असतो, आणि झीज मोजून हुबेहूब बनवलेला नग परत येतो.

फक्त वेळच सांगेल असं

इथे विचारणं थांबवायचं आणि तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: कधी कळेल, कशावरून कळेल, आणि कळल्यावर मी काय करणार. तिसरी आधीच ठरवलेली असली की मधला काळ मोकळा मिळतो.

रेल्वेचं वेटिंग हे यातलं सोपं. वेटिंगचा क्रमांक पाहण्याआधी यादी कुठली ते पाहा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे गाडीचा मुख्य कोटा, तो सगळ्यात जास्त हलतो. आरएलडब्ल्यूएल आणि पीक्यूडब्ल्यूएल यांच्यामागे छोटे कोटे असतात. तिथला ८ क्रमांक मुख्य यादीतल्या २० पेक्षा वाईट निघू शकतो. आरएसी असेल तर गाडीत बसायला मिळतं, झोपायला मिळेलच असं नाही. ऑनलाइन काढलेलं तिकीट तक्ता (चार्ट) लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर चढता येत नाही. पहिला तक्ता आता गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी लागतो, म्हणजे बस शोधायला वेळ मिळतो. तेव्हा वहीत एक ओळ: "तक्ता लागला, आरएसीसुद्धा नाही, तर त्याच क्षणी बस." दर तासाला पीएनआर बघून यादी पुढे सरकत नाही.

काठावरचा रिपोर्ट जास्त छळतो. एचबीए१सी या रक्तचाचणीत ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून पुढे मधुमेह. ६.४ आलं म्हणून सुटलो आणि ६.५ आलं म्हणून संपलो, असं दोन्ही नसतं. लक्षणं स्पष्ट नसतील तर निदान पक्कं करायला दुसऱ्यांदा चाचणी लागते. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवतो, म्हणून खाण्यात बदल केल्यावर आठ दिवसांनी तीच चाचणी करून काहीच कळत नाही. साधारण तीन महिने जाऊ द्यावे लागतात. पुन्हा कराल तेव्हा त्याच लॅबमध्ये करा. उपाशीपोटीची साखर बघायची असेल तर किमान ८ तासांचा उपवास, चहासुद्धा नको. ज्याची चाचणी आहे त्याला रक्तक्षय असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण त्याने एचबीए१सीचा आकडा फसवा येतो. मधले तीन महिने चालणं आणि ताटातला भात-साखर आवरणं यासाठी रिपोर्टची वाट बघायची गरज नाही. निकाल कुठलाही आला तरी फायद्याचं काम आजच सुरू करावं.

नदीच्या बाबतीत मात्र वाट बघणं महागात पडतं. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, वरून आजवा जलाशयाचं पाणी मिळतं. त्यामुळे शहरात ऊन पडलं तरी पातळी चढत राहू शकते, आणि "पाऊस थांबला, आता काही नाही" हा समज घातक ठरतो. काळाघोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट मानतात. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं.

पण २६ हा शहराचा आकडा झाला. तुम्हाला हवा तो तुमच्या घराचा. मागच्या पुरात पुलावर किती फूट असताना गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं आणि किती असताना फाटकात शिरलं, हे शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करा. समा, अकोटा, फतेगंज, कारेलीबाग, वडसर या प्रत्येक भागात उत्तर वेगळं येईल, आणि एकाच सोसायटीत पुढच्या-मागच्या इमारतींतही. समजा पुलावर २८ फूट असताना तुमच्या फाटकाशी पाणी येतं. मग मोकळ्या डोक्याने आधीच लिहा: २२ ला गाडी उंच जागी, २४ ला तळमजल्यावरचा फ्रिज, इन्व्हर्टरची बॅटरी, धान्य वर, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, २६ ला आजी-आजोबा, लहान मुलं आणि औषधं नातेवाइकांकडे, मेन स्विच बंद. रात्र पडत असेल तर एक पायरी आधी हला. अंधारात पाण्याची चाल दिसत नाही, आणि या नदीत मगरी आहेत. माणशी रोज तीन-चार लिटर प्यायचं पाणी धरून तीन दिवसांचं भरून ठेवा, कारण टाकीत पाणी असलं तरी वीज गेल्यावर ते वर चढत नाही.

दोनदा सामान वर नेलं आणि पाणी आलंच नाही, तर तिसऱ्यांदा घरातलेच कुरकुरतात. तरी नियम बदलू नका. त्या दोन संध्याकाळच्या श्रमांची किंमत आणि एका फ्रिजची किंमत शेजारी मांडून दाखवा.

हवामान खात्याची भाषा ऐकायला मोघम वाटते, पण तिच्या मागे मापं आहेत. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५०, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे ५१ ते ७५, त्यापुढे जवळपास सगळीकडे. "जोरदार" २४ तासांत ६४.५ मिमीपासून, "अति जोरदार" ११५.६ पासून आणि "अत्यंत जोरदार" २०४.४ च्या वर. पिवळा इशारा लक्ष ठेवायला सांगतो, केशरी तयारी करायला, लाल हालचाल करायला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओला यातलं काहीच नसतं. तारीख आणि जागा नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका.

ठरवल्याशिवाय सुटणार नाही असं

२०२४ च्या दिवाळीत अमावास्या दोन दिवसांवर पसरली. गुजरातेत दिवाळी ३१ ऑक्टोबरला झाली, महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाची सुट्टी १ नोव्हेंबरला होती. दांडिया बाजारातल्या मराठी घरांना शेजार एका दिवशी आणि पुण्याचे नातेवाईक दुसऱ्या दिवशी. इथे कितीही गुरुजींना विचारलं तरी तिढा सुटत नाही, कारण दोन्ही बाजूंना शास्त्राधार आहे. एक नियम करून टाका: घरातली बाकीची कार्यं ज्या पंचांगावर ठरतात तेच याही वेळी. आणि शेजाऱ्यांकडे त्यांच्या दिवशी फराळाला जा.

मुलीची शाळा, भाड्याचं घर, नवी नोकरी यांतही पुष्कळदा दोन चांगल्या वाटा असतात. तिथे आपलं मन एका ठरावीक बाजूला झुकतं, ते ओळखून ठेवायला हवं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ डॅनिएल एल्सबर्ग यांनी १९६१ मध्ये ते नेमकं मांडलं. भांड्यात ९० चेंडू आहेत, ३० लाल, उरलेले ६० काळे आणि पिवळे, पण कोणते किती ते माहीत नाही. लाल निघाल्यास बक्षीस की काळा निघाल्यास? बहुतेक लोक लाल म्हणतात. मग विचारा: "लाल किंवा पिवळा" की "काळा किंवा पिवळा"? तेच लोक आता काळा-पिवळा निवडतात. पहिल्या उत्तराप्रमाणे काळे तीसपेक्षा कमी असायला हवेत, दुसऱ्याप्रमाणे जास्त. दोन्ही खरं असू शकत नाही. माणूस माहीत असलेल्या जोखमीपेक्षा न कळणाऱ्या जोखमीला जास्त टाळतो.

म्हणून एखाद्या गोष्टीला नाही म्हणण्याआधी कागदावर लिहा: हे मला वाईट वाटतंय, की फक्त अनोळखी वाटतंय? अनोळखी असेल तर छोटी चव घेता येते का पहा. नव्या भागात घर घेण्याआधी सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ७ ला तिथून ऑफिसला जाऊन या, एकदा भर पावसात जा. मागे फिरता येतं असे निर्णय एका संध्याकाळी घ्या. घर विकणं, नोकरी सोडणं यांना आठवडे द्या. पण त्यांनाही शेवटची तारीख लावा, नाहीतर विचार करण्याच्या नावाखाली वर्ष जातं.

वही आणि घरची माणसं

शंभर पानांची साधी वही पुरते. प्रत्येक न सुटलेल्या गोष्टीला एक ओळ: तारीख, गोष्ट, तिन्हींपैकी प्रकार, पुन्हा कधी बघायची, आणि काय होईल याचा तुमचा अंदाज टक्क्यांत. "कपाट दसऱ्याआधी, ३० टक्के." महिन्याच्या शेवटी जिथे ७० लिहिलं होतं त्यांतल्या किती खऱ्या झाल्या ते मोजा. दहापैकी चारच झाल्या असतील तर तुम्ही फार लवकर विश्वास ठेवता. दहापैकी दहा झाल्या असतील तर उगीच काळजी करता. ओळी पंधराच्या वर गेल्या की वही उघडावीशी वाटत नाही, तेव्हा जुन्या, आता फरक न पडणाऱ्या ओळी खोडा.

हे सगळं स्वतःपुरतं ठेवलं तर घरातली बाकीची माणसं अंधारात राहतात. तुमचा चेहरा वाचून ती जो अंदाज करतात तो खऱ्यापेक्षा वाईट असतो. त्यांना तीन गोष्टी सांगा, याच क्रमाने: काय कळलंय, काय कळलेलं नाही, पुन्हा कधी सांगणार. "आजी, आजोबांची गाठ दिसलीय, ती कसली आहे ते अजून कळलेलं नाही, गुरुवारी रिपोर्ट येईल, मी चारला फोन करीन." "काही नसेल गं" म्हणू नका, कारण ते तुम्हाला माहीत नाही आणि आजीला ते कळतं. गुरुवारी रिपोर्ट आला नाही तरी चारला फोन कराच. तो आलेला नाही हेच सांगा आणि पुढची वेळ द्या.