होडी दहा फुटी घ्यावी की चौदा फुटी?

पुतण्यानं विचारलं, "नाना, अॅल्युमिनियमची सपाट बुडाची होडी घेतोय. लहान घेऊ का मोठी?" मी त्याला उलट विचारलं, "मे महिन्यात ती ओढणार कोण?"

तापीवर चांगदेवपासून खाली हतनूर धरणापर्यंत आमची जाळी असतात. दिवाळीत पाणी शेताच्या बांधाला लागतं. उन्हाळ्यात तेच दूर सरतं आणि मधे गुडघाभर गाळ उरतो. दहा फुटी होडी चाळीस-पन्नास किलोची, दोघं उचलून नेतात. दोन मिलिमीटर पत्र्याची चौदा फुटी शंभराच्या घरात जाते. माझी पहिली होडी चौदा फुटी होती. एका वैशाखात ती गाळात अशी बसली की चार माणसं बोलवावी लागली, आणि त्यांचा दिवस बुडाला तो वेगळाच.

पण "लहान होडी उथळ पाण्यात चालते" असं जे सगळे सांगतात, ते खरं नाही. हिशोब करा. बुडाची लांबी-रुंदी मीटरमध्ये गुणा, त्याला दहानं गुणा. तेवढ्या किलोंना होडी एक सेंटिमीटर पाण्यात बसते. दहा फूट बाय तीन फूट म्हणजे साधारण २८ किलो. दोन माणसं, जाळं, मासळी आणि होडी मिळून २३५ किलो धरा. ती साधारण साडेआठ सेंटिमीटर बसली. चौदा बाय चार फुटीला एका सेंटिमीटरला ५२ किलो लागतात. तीच माणसं नि मासळी घेऊन, स्वतःचं जादा वजन धरूनही, ती सहाच सेंटिमीटर बसते. पुढचं बूड वर वळलेलं असतं, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त धरा. म्हणजे पाण्यात मोठी बरी, जमिनीवर लहान.

आणि लांबीपेक्षा रुंदी बघा. कतला माशांनी भरलेलं जाळं दोघं एकाच बाजूनं ओढतात तेव्हा तीन फुटी बूड कलतं, चार फुटी तग धरतं. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की लाटा सपाट तोंडावर आदळतात. भरल्या होडीचा काठ पाण्यापासून वीतभर तरी वर हवा, नाहीतर मासळी कमी घ्या. धरणाचे दरवाजे उघडले असतील तर लहान-मोठी कुठलीच होडी काढायची नाही. एवढं माझं ऐकाच.

पुतण्या एकटा, इंजिन नाही, रोज काठ बदलणारा. त्याला मी बारा फुटी, चार फूट रुंद बुडाची घ्यायला लावली. भागीदार पक्का असेल, घाट कायमचा असेल, इंजिन लावायचं असेल, तर चौदा फुटी खुशाल घ्या. मात्र छोटा हत्तीचा हौदा सात फुटांचा असतो; निम्मी होडी बाहेर राहील, म्हणून मोठी गाडी ठरवा.

घेताना बैठकीखाली थर्मोकोल भरलाय का ते पाहा. नसेल तर पाणी भरलेली होडी तळाला जाते. रिव्हेटच्या ओळीवर आतून पाणी ओता, खालून झिरपतं का बघा. गावातल्या साध्या वेल्डिंगनं हा पत्रा नीट जुळत नाही, आर्गॉन वेल्डिंग लागतं. ते जवळ कुठं होतं ते आधीच विचारून ठेवा. आणि पावसाळ्यात होडी ओल्या सिमेंटच्या ओट्यावर टेकवू नका, पत्रा खातो. दोन लाकडी ओंडक्यांवर उपडी ठेवा.