सहीच्या पुढे काय झालं, ते आधी बघा

एमएला आंतरराष्ट्रीय संबंध करून मी एलएलबीला आले. दुसऱ्या वर्षी सीबीडी बेलापूरच्या एका वकिली कार्यालयात इंटर्नशिप मिळाली. न्हावा-शेवाहून गेलेली द्राक्षं नेदरलँड्सला खराब निघाली म्हणून खरेदीदाराने पैसे अडवले होते. त्यावर कायदेशीर टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं. चार दिवस नेरूळ-बेलापूर लोकलमध्येसुद्धा वाचत मी अकरा पानं लिहिली, सगळी आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या १९८० च्या व्हिएन्ना कन्व्हेन्शनवर, म्हणजे देशादेशांमधल्या करारावर. मॅडमनी पहिलं पान वाचून एवढंच विचारलं, "भारत यात आहे का?"

नाही. नेदरलँड्स आहे, भारत नाही. आणि आमच्या करारात भारतीय कायदा लागू असं स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणजे बघायचा होता १९३० चा मालविक्री कायदा. त्या संध्याकाळी स्टेशनवर बसून मी रडले होते.

म्हणून हे नीट समजून घ्या. सही म्हणजे अनुसमर्थन नव्हे; अनुसमर्थन म्हणजे सहीनंतर देशाने करार स्वतःवर बंधनकारक असल्याचं औपचारिकपणे मान्य करणं. छळविरोधी कन्व्हेन्शनवर भारताने १९९७ मध्ये सही केली, अनुसमर्थन अजून नाही. अनुसमर्थन झालं तरी आपल्याकडे कोर्टात हक्क मागायला साधारणपणे संसदेचा कायदा लागतो. राज्यघटनेचं कलम २५३ त्यासाठीच आहे. त्यातही देशाने करारातल्या कुठल्या कलमावर आरक्षण ठेवलंय, म्हणजे कुठलं कलम आपल्याला लागू नाही असं म्हटलंय, ते वेगळं तपासायचं. संयुक्त राष्ट्रांच्या ट्रीटी कलेक्शन या संकेतस्थळावर हे सगळं फुकट दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे, मी केलं नव्हतं.

पण "कायदा नाही, विषय संपला" असंही समजू नका. विशाखा खटल्यात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सीडॉच्या, म्हणजे स्त्रियांविरुद्धच्या भेदभावावरच्या कन्व्हेन्शनच्या, आधारे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा आला २०१३ मध्ये.

क्लासच्या नोट्सवर माझा अजिबात विश्वास नाही. त्यांत निकाल असतो, निकालाची वाट नसते. कुलभूषण जाधव प्रकरणाचा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा २०१९ चा निकाल मुळातून वाचा. न्यायालयाला अधिकार कुठून आला, तो भाग आधी. जड जाईल, मला तीन आठवडे लागले. आणि 'परराष्ट्र सेवेत जा, नाहीतर हा विषय वाया' म्हणणारे मार्गदर्शक मनावर घेऊ नका. बंदर इथून हाकेच्या अंतरावर आहे, करार वाचता येणारी माणसं इथे लागतात.

एमए वाया गेलं असंही मला वाटत नाही. एखादा देश कन्व्हेन्शनबाहेर का राहतो, हे विचारायची सवय तिथलीच.

दुसरं टिपण दोन पानांत बसलं. पहिली ओळ होती: भारत या कन्व्हेन्शनचा पक्ष नाही.